दोघांसाठी पाहिलेला रस्ता

द्राक्षांच्या हातगाड्या गल्लीच्या तोंडाशी लागल्या की माझे डोळे दुखायला लागतात. दरवर्षी असंच होतं. महाशिवरात्र जवळ येते, दुपारचं ऊन चावायला लागतं आणि गाडीवाला घडांवर पाणी मारत उभा राहतो. ओल्या गोणपाटाचा वास गल्लीत आतपर्यंत येतो. बायका एकेक मणी तोंडात टाकतात, आंबट आहेत म्हणतात आणि तरी घेतात. मी दारातूनच बघते. द्राक्षं मला आवडत नाहीत असं नाही. पण ती दिसली की भुवयांच्या वर कोणीतरी बोटं दाबून धरल्यासारखं होतं, मान आखडते आणि कुठंतरी टेकावंसं वाटतं.

हे बाहेर खुर्चीवर बसलेले असतात. म्हणतात, "आणू का पावशेर?" मी नको म्हणते. ते परत विचारत नाहीत.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही. पण काही गोष्टी कोणाला सांगता येत नाहीत आणि मनात ठेवल्या तर जड होतात. त्या एका हंगामाचं तसंच झालं आहे.

आमचे हे टुरिस्ट गाडी चालवायचे. यांचे वडील पोलीस ॲक्शननंतर गंगापूरकडून शहरात आले आणि टांगा हाकू लागले. पाहुण्यांना दौलताबादच्या किल्ल्याला नेऊन आणायचे. तोच धंदा यांच्याकडे आला. घोडा गेला आणि जीप आली, एवढाच फरक. घोडा समोरचं बघून आपण होऊन थांबतो, जीप थांबत नाही, हे मला त्या वर्षी कळलं.

जीप रशीदभाईंची होती. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं छोटं ऑफिस होतं. आधी सगळे पाहुणे दौलताबाद, वेरूळ बघून अजिंठ्याकडं जायचे. मग नाशिककडं द्राक्षांपासून वाइन करणारे कारखाने निघाले, लोक ते बघायला जाऊ लागले, आणि रशीदभाईंनी बाहेरच्या फळ्यावर नवी सहल लिहून टाकली. तीन दिवस, किल्ले, गावं आणि द्राक्षबागा. पहिल्या दिवशी दौलताबाद, घाट चढून खुलताबाद, वेरूळ. मग देवगाव रंगारी, शिऊर, वैजापूर करत येवल्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी अंकाईचा किल्ला, चांदवड, आणि पुढं सगळा द्राक्षांचा मुलूख. तिसऱ्या दिवशी परत. थंडी पडल्यापासून द्राक्षं संपेपर्यंत ही सहल चालायची. हे त्या रस्त्यावर आधी दोन वर्षं जात होते. रस्ता त्यांना पाठ होता, म्हणूनच ती गोष्ट इतके दिवस लपली.

मला कळलं ते दिवाळीच्या पुढं. माझा भाऊ देवगावला आजारी होता, त्याला बघायला हे मला जीपमधून घेऊन चालले होते. कसाबखेड्याच्या अलीकडं रस्त्यावर लिंबाच्या झाडाची सावली आडवी पडली होती. यांनी सावलीसाठी करकचून ब्रेक दाबला. थोडं पुढं गेल्यावर खरी गाय रस्त्यात उभी होती. तिच्यासाठी दाबला नाही. गाय सरकली म्हणून वाचली.

"अहो, गाय होती," मी म्हटलं.

"दिसली की."

देवगाव जवळ आलं तेव्हा म्हणाले, "धुकं पडल्यावानी दिसतं. दोन्हीकडनं. उन्हाकडं तोंड असलं की नुस्तं पांढरं."

"कधीपासनं?"

"आखाडापासनं असंल."

"मंग दवाखान्यात दाखवायचं ना."

"दाखवायचं काय त्यात. मोतीबिंदू हाय. पिकल्यावर काढू. कच्चा काढला तर दादावानी व्हईल."

यांच्या थोरल्या भावाचा मोतीबिंदू वीसेक वर्षांपूर्वी काढला होता आणि त्यांचा तो डोळा गेला. कच्चा काढला म्हणून गेला, असं घरात सगळे म्हणायचे. तेव्हाच्या डॉक्टरनंही थांबा म्हणून सांगितलं होतं, भावानंच घाई केली. त्यामुळं आमच्या घरात मोतीबिंदू म्हणजे झाडावरचं फळ झालं होतं. वाट बघायची. मलाही ते खरंच वाटायचं. मी रोज सकाळी यांचे डोळे उजेडाकडं करून बघायचे, पांढरं दाट झालं का म्हणून. जसं दाट व्हायचं तसा मला धीर यायचा आणि भीतीही वाढायची.

गाडी सोडा म्हणायची माझी हिंमत नव्हती. गाडी सोडली की हे काय राहतील, ते मला दिसत होतं. यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही आवडतही नव्हतं. मग एक दिवस जेवताना ताटाकडं बघत हेच म्हणाले, "तू येतीस का संगं? म्होरं बसायचं. काय आलं की सांगायचं. लोकं म्हंतील, बायको फिरायला आली."

मी परक्या माणसांपुढं पाणीसुद्धा डोक्यावरून पदर घेऊन द्यायचे. पण गेले. रशीदभाईंना हे म्हणाले की मी घरचं जेवण करून बरोबर घेईन, पाहुण्यांतल्या बायकांना सोबत होईल. रशीदभाई खूश झाले. "बराबर है. लेडीज लोगां को घर का माहौल लगता. भाभी, तुम बस आगे बैठो, क्या बी टेन्शन नक्को लो."

पहिल्या फेरीची गोष्ट. समोर ट्रक दिसला तरी माझ्या तोंडातून शब्द फुटेना, मागं माणसं बसलेली. मी मांडीवर स्टीलचा डबा धरला होता. घाबरून हात हलला आणि बांगड्या डब्यावर वाजल्या. यांनी लगेच वेग कमी केला. त्या दिवसापासून ती आमची खूण झाली. एकदा वाजवलं की हळू. दोनदा वाजवलं की डाव्या अंगानं. वाजवतच राहिले की थांबा. बोलायचं नाही, मागं वळायचं नाही, पदराखाली डबा धरायचा आणि रस्त्यावरची नजर हलवायची नाही.

काचेच्या बांगड्या किती टिकणार. कासार म्हणाला, "ताई, म्हैन्यात तिसऱ्यांदा? आमचे दाजी लईच तापट दिसतात." आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही मान खाली घालून हसले. खरं सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

कोणी मला म्हटलं की तू तर सगळा मुलूख पाहिलास, तर मी काय सांगणार. दौलताबाद म्हटलं की लोकांना वरचा बुरूज आठवतो. मला पायथ्याशी पेरूच्या पाट्या घेऊन गाड्यांच्या अगदी पुढ्यात येणाऱ्या बायका आठवतात, मीठ-तिखट लावलेला पेरू काचेला टेकवणारे त्यांचे हात आठवतात. खुलताबादच्या घाटात वर दगडी दरवाजा आहे, त्यातून एका वेळी एकच गाडी जाते. दरवाजा केवढा जुना, त्यावर काय कोरलं आहे, मी सांगू शकत नाही. उजव्या बाजूला दगडाचा एक कोपरा पुढं आला आहे, तो मात्र अजून डोळ्यापुढं आहे. वेरूळला शाळेच्या सहलीची पोरं रांग सोडून पळतात. देवगावला बाजाराच्या दिवशी रस्त्यावरच दावणीला बैल. शिऊरच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं दिवा नाही, काही नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. वैजापुरात रिक्षा. येवल्यात पैठणीच्या दुकानांपुढं बाया गाडीचं दार रस्त्याच्या बाजूनं उघडतात. तीन दिवसांत मी दगड, खड्डे, शेपट्या आणि सायकलीची मागची चाकं पाहिली. जे आडवं येऊ शकतं तेवढंच.

संध्याकाळी माझे डोळे लाल व्हायचे. येवल्याच्या लॉजवर पाहुणे जेवायला बसले की मी ओला रुमाल डोळ्यांवर ठेवून भिंतीला टेकायचे. हे शेजारी बसून राहायचे. एकदा म्हणाले, "लई दमतीस." मी म्हटलं, "तुमचं पिकलं की झालं." ते म्हणाले, "व्हय. आता काय राहिलं."

वाइनच्या कारखान्यात आम्हाला आत जायची मनाई नव्हती, पण आम्ही बाहेर झाडाखाली थांबायचो. मला तेवढीच विश्रांती. उघड्या दारातून थंड हवा यायची आणि आंबलेल्या पिठासारखा गोडसर वास. काचेतून पाहुणे दिसायचे. ते पेला गोल फिरवायचे, त्यात नाक घालायचे, छताकडं बघायचे आणि मग एवढासा घोट घ्यायचे. मी यांना सांगायचे काय चाललं आहे ते, कारण यांना काचेपलीकडचं दिसायचं नाही.

"आत्ता वास घेतलेत."

"मघाशी घेतला हुता ना?"

"हा दुसरा पेला."

"वास घेऊनच पोट भरलं तर चांगलंय. आपला डबा वाचंल."

तेव्हा आम्ही दोघं हसायचो. त्या सगळ्या हंगामात मी यांच्याशी जेवढं बोलले तेवढं लग्नाच्या सव्वीस वर्षांत बोलले नव्हते. हे सांगताना मला बरंही वाटतं आणि लाजही वाटते. कारण मागच्या सीटवर रोज कोणाची तरी माणसं असायची. एका फेरीला हैदराबादची एक मुलगी तिचं तान्हं बाळ घेऊन आली होती. बाळ सगळ्या रस्त्यानं झोपलं. तिनं उतरताना माझे हात हातात घेतले, म्हणाली, काका किती सांभाळून चालवतात. मी त्या दिवशी घरी येऊन देवापुढं दिवा लावला नाही. लावायला हात होईना.

पण दुसऱ्या फेरीला परत गेलेच. माणूस एकदा एखाद्या गोष्टीत शिरला की रोज थोडं थोडं पुढं जातो. आपण कुठवर आलो ते बघत नाही. आज सुखरूप झालं, उद्याही होईल. हंगाम तेवढा निघू दे. पिकू दे.

शिवरात्र झाली होती. पुण्याचे एक साहेब आणि त्यांच्या मिसेस आल्या होत्या. साहेब कारखान्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. बाई बोलक्या आणि प्रेमळ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "वहिनी, भजन म्हणता का मनातल्या मनात? छान ताल धरता." हे पुढं बघत म्हणाले, "तिला नाद हाय त्याचा." बाईंनी मग चांदवडपर्यंत स्वतःच गुणगुणत साथ दिली. दोन ठिकाणी मला त्यांच्या गाण्यामुळं ट्रकाचा हॉर्न ऐकू आला नाही, पण त्यांना गप्प बसा कसं सांगणार.

चांदवडच्या पुढं मोठा रस्ता सोडून आम्ही बागांमधल्या लहान रस्त्याला लागलो. बाईंनी काच खाली केली. म्हणाल्या, "वहिनी, जरा बघा तरी बाजूला. दोन दिवस नुसत्या समोर बघताय. हे बघा केवढं सुंदर आहे."

मी बघितलं.

एवढ्या फेऱ्यांत पहिल्यांदाच मान वळवली. तारांवर वेली चढलेल्या होत्या आणि खाली सावलीत घड लोंबत होते, एकसारखे, पिवळट हिरवे. उन्हाची तिरीप मण्यांतून आरपार जात होती आणि आतली बी दिसत होती. बाया डोक्याला फडकी बांधून कात्रीनं घड कापत होत्या. एक बाई कापलेला घड दोन्ही हातांनी असा धरून क्रेटमध्ये ठेवत होती, जसं अंघोळ घातलेलं लेकरू ठेवावं. किती वेळ बघितलं मला माहीत नाही. चार श्वास असतील.

समोर वळले तेव्हा रस्त्यात एक बाई होती. डोक्यावर भरलेला क्रेट, बागेतून निघून पलीकडच्या टेम्पोकडं चाललेली. मी डबा वाजवला नाही. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. यांनी ब्रेक दाबला. जीप फरफटत गेली आणि बाई खाली पडली.

जीप तिला लागली नव्हती. एवढंसं अंतर राहिलं होतं. ती दचकून मागं पडली, गुडघा आणि कोपर सोललं, क्रेट फुटला. सगळ्या रस्त्यावर द्राक्षं घरंगळत गेली. बागेतल्या बाया धावत आल्या. पडलेली बाई उठली, फडकं सारखं केलं, आणि सरळ यांच्या दाराशी आली. काटक, माझ्याच वयाची असेल. म्हणाली, "डोळे फुटले का रे तुझे? येवढी बाई दिसंना तुला?"

हे म्हणाले, "बाई, ऊन आलं डोळ्यावर."

मागून पुण्याच्या बाई म्हणाल्या, "हो हो, ऊन फार आहे. चूक कोणाचीच नाही." साहेबांनी खाली उतरून बाईचं कोपर बघितलं, पेटीतलं औषध काढलं. सगळं निवत आलं होतं. मी गप्प राहिले असते तर दहा मिनिटांत आम्ही पुढं निघालो असतो.

ऊन आमच्या पाठीमागं होतं. त्या बाईलाही ते दिसत होतं. ती एकदा आपली सावली बघत होती, एकदा यांच्याकडं.

मी खाली उतरले. चार माणसांत तोंड उघडायची मला सवय नाही, त्यामुळं आवाज फार मोठा निघाला. मी म्हटलं, "ऊन नव्हतं. यांना दिसत नाय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. मी बघून सांगत व्हते. आत्ता मी बघितलं नाय."

यांनी चाक दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. माझ्याकडं बघितलं नाही, बघितलं असतं तरी माझा चेहरा त्यांना नीट दिसला नसता. मला तेव्हा तेच बरं वाटलं.

पुण्याच्या बाई हळूच गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, जसं दोन दिवस कशावर बसलो होतो ते त्यांना आत्ता कळलं. साहेबांनी हात पुढं केला. "किल्ली द्या." रागावले नव्हते. त्यामुळं जास्त लागलं.

तिथून शहरापर्यंत जीप साहेबांनी चालवली. हे मागं, पाहुण्यांच्या बॅगांशेजारी बसले. तीस वर्षांत ते पहिल्यांदा मागं बसले असतील. सवयीनं उजवा पाय वळणावर दाबत होते. मी समोरच्या काचेतून बघत होते आणि मला काहीच बघायची गरज नव्हती, तरी प्रत्येक खड्ड्याला माझा हात हलत होता. बाई एकदाही गुणगुणल्या नाहीत.

रशीदभाई ओरडले नाहीत. टेबलावर किल्ली ठेवलेली होती, तिच्याकडं बघत म्हणाले, "भाभी, मेरेकू बोलना था ना. मैं क्या पराया था? मेरे बच्चे बी इसी गाडी में घूमे." एवढंच. मग चहा मागवला आणि तो कोणीच प्यायला नाही.

यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. जेवायचे, उठायचे, अंगणात बसायचे. एकदा लेक गंगापूरहून आली तर तिला म्हणाले, "तुझ्या आईनं चार लोकांत आंधळा केलं मला." मी आत भाकरी थापत होते. थापत राहिले. खोटं काही बोलले नव्हते ते.

लेकीनंच दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती. यांच्या डोळ्यांत उजेड टाकून बघितलं आणि म्हणाली, "काका, एवढा दाट होईपर्यंत कसे थांबलात?"

हे म्हणाले, "पिकायची वाट बघत हुतो."

तिनं हातातली बॅटरी खाली ठेवली. "आता पिकायची वाट बघत नाहीत. मागच्या पावसाळ्यात आला असता तरी लगेच काढला असता. उलट सोपं गेलं असतं."

मी भिंतीकडच्या बाकावर बसले होते. मला राग आला नाही, रडू आलं नाही. अंगातून सगळं निघून गेल्यासारखं झालं. सगळ्या फेऱ्या, सगळ्या बांगड्या, ते तान्हं बाळ, रस्त्यावरची ती द्राक्षं. यातलं काहीच करायची गरज नव्हती. कोणाला विचारलंच नाही आम्ही. घरात एकदा ठरलं होतं आणि तेच धरून बसलो. हे माझ्याकडं तोंड करून बसले होते. त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले, "ऐकलंस का?" मी म्हटलं, "ऐकलं."

आधी एक डोळा, मग महिन्यानं दुसरा. अर्धा तास लागला फक्त. पहिली पट्टी काढली तेव्हा यांनी आधी स्वतःचे हात बघितले, मग खिडकी, मग माझ्याकडं बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाले, "त्या बाईचं कोपर बरं झालं असंल का?" मला ठाऊक नव्हतं. अजून ठाऊक नाही.

रशीदभाईंनी लगेच गाडी दिली नाही. ते बरोबरच होतं. दवाखान्याचा कागद बघितला, मग स्वतः शेजारी बसून घाटातून दोनदा चालवून घेतली, तेव्हा कुठं पुढच्या थंडीत परत बोलावलं. पहिलीच फेरी अशी होती की पाहुणे नाशिकला रेल्वेनं उतरणार होते आणि इथून जीप रिकामी जाणार होती. हे सकाळी म्हणाले, "चल. आता निवांत बघ."

मी पुढं बसले. मांडीवर काही नव्हतं, हात कुठं ठेवावेत कळेना. देवगावपर्यंत मी सवयीनं समोर बघत होते. ट्रॉली आली, मी बोलायच्या आत हे डावीकडं झाले. बैल आले, हे थांबले. शिऊरच्या पुढं त्यांनी लांबचा हरभरा दाखवला, मग कुणाच्या तरी शेतातली विहीर. त्यानंतरचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा जीप सावलीत उभी होती आणि माझ्या अंगावर यांची शाल होती. हे खाली उतरून चहा पीत होते.

"येवला आलं का?"

"येवला मागं गेलं. चांदवडबी गेलं."

"आणि किल्ले?"

"त्येबी गेले. लई भारी दिसत हुते उन्हात."

"मंग उठवायचं ना."

त्यांनी कप खाली ठेवला, चाकामागं येऊन बसले आणि जीप सुरू केली. "झोप तू," म्हणाले. "मी बघतोय."

मी डोळे मिटून घेतले.